चॉकीची चार जेवणं

बाळांनो, एक करून बघा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट इतकं जवळ आणा, की मध्ये एक गावरान बोर मावेल. जमलं? आता कल्पना करा, की तुमचं पोट एवढंच आहे. तुम्हाला चार पाय आहेत, एक शेपूट आहे आणि अंगणात जे जे हलतं ते सगळं तुम्हाला पकडायचंच आहे. वाऱ्यावर लोळणारं पान, कोंबडीची सावली, आजोबांच्या धोतराचा सोगा. दिवसभर नुसत्या उड्या. आणि जेवण? त्या बोराएवढ्या पोटात मावेल तेवढंच, तेही दिवसातून एकदा.

कसं वाटतंय? संध्याकाळ व्हायला किती वेळ आहे, असंच ना? मग ते पोट तसंच सांभाळा आणि माझ्याबरोबर चला.

जाफराबादहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्याला एक गाव आहे. गावाच्या कडेला तुतीचं हिरवं रान, रानाला लागून पत्र्याची एक लांबट शेड. या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या वाढवतात. शेडच्या समोरच मोनिकाचं घर. मोनिका पाचवीत शिकते. तिचे बाबा पुण्याला कारखान्यात असतात, म्हणून शेडचं सगळं काम आई आणि पप्पूकाका बघतात. आणि आई न् पप्पूकाका बरोबर बघतात की नाही, हे आबा बघतात. आबा म्हणजे मोनिकाचे आजोबा, मल्हारी. कोणत्या वाफ्याला पाणी सोडायचं, कोणत्या शेळीला आधी बांधायचं, खिचडीत तिखट किती टाकायचं, सगळं आबा ठरवणार. आणि आबांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

त्या वर्षी शेजारच्या घरात सोयाबीनच्या थप्प्या लागल्या आणि तिथल्या उंदरांना शेडची वाट सापडली. उंदराला रेशमाची अळी म्हणजे पेढाच. अळ्या भारी नाजूक, त्यामुळे शेडच्या आसपास विषारी औषध ठेवायला आबा तयार नव्हते. त्यांनी ठरवलं, मांजर आणायचं.

पप्पूकाकाने भोकरदनहून, एका मित्राच्या अडत दुकानातून, पिशवीत घालून एक पिल्लू आणलं. राखी रंगाचं, कपाळावर काळ्या रेघा. वय असेल दोनेक महिन्यांचं. पिशवीतून बाहेर पडल्यावर ते स्वतःच्याच शेपटीला घाबरून बाजेखाली गेलं.

"हे काय आणलंस रे?" आबा म्हणाले. "उंदीर का मांजर?"

"मांजरच हाय आबा. जरा बारीक छापलंय."

"बारीक असू दे, नाहीतर मोठं असू दे. एक ध्यानात ठेवा सगळ्यांनी. संध्याकाळी एकदा दूध-भाकर. बास. बाकीचं तिनं तिचं बघायचं. पोट भरलं की मांजर उंदराकडं वळून बी बघत न्हाई."

"एकदाच?" मोनिकाने विचारलं.

"आमचा चित्र्या एकदाच खायचा."

चित्र्याचं नाव निघालं की घरात कुणी पुढं बोलत नसे. तरुणपणी आबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत. चित्र्या त्यांचा कुत्रा. त्याला दिवसातून एकदा, मुक्काम पडल्यावर, एक अख्खी भाकर मिळायची आणि तेवढ्यावर तो सगळा कळप राखायचा. लांडग्याच्या अंगावर गेलेला कुत्रा तो. आबांच्या मते जगातली सगळी जनावरं चित्र्यासारखीच असायला हवी होती.

मोनिकाने पिल्लाचं नाव चॉकी ठेवलं. रेशमाच्या अगदी लहान अळ्यांना चॉकी म्हणतात. त्या बाहेरून वाढवून आणतात, मग शेडमध्ये मोठ्या करतात. त्यामुळे मोनिकाच्या घरात जे काही लहान असेल, ते चॉकीच असायचं. लहान कैरी चॉकी, लहान भाकरी चॉकी. मोनिका तान्ही असताना तिलाही चॉकीच म्हणत.

आबांच्या नियमाप्रमाणे संध्याकाळी ताटलीत दूध-भाकर पडली. दिवसभर काही न खाल्लेली चॉकी त्यावर अशी तुटून पडली, की मिशांना, कानांना, सगळीकडे दूध लागलं. पोट टम्म फुगलं. आणि थोड्याच वेळात सगळं बाहेर आलं. काही वरून, काही खालून. आई पुसत बसली.

"हावरट हाय," आबा म्हणाले. "शिकंल."

पुढचे काही दिवस असंच चाललं. चॉकी संध्याकाळी तुटून पडायची, निम्मं बाहेर टाकायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वाट बघायची. आधी ती अंगणभर ओरडत फिरायची. मग बसल्या जागी ओरडायला लागली. मग ओरडायचीच बंद झाली.

आणि एका सकाळी मोनिकाने पाहिलं, की चॉकी शेडच्या पायरीशी मुटकुळं करून पडली आहे. हाक मारली तर फक्त मान जराशी वर उचलली, आणि तशीच गप्प राहिली.

मोनिकाला हे ओळखीचं होतं. रेशमाची अळी चार वेळा कात टाकते. कात टाकायच्या आधी ती खाणं सोडते, मान वर करून गप्प बसते. शेडमध्ये म्हणतात, अळ्या झोपल्या. अळ्या झोपल्या, की पाला टाकायचा नाही, हात लावायचा नाही. वरून फक्त चुन्याची पांढरी भुकटी भुरभुरायची, म्हणजे त्यांच्याखालचा पाला सुकतो. मोनिकाला चालता येत नव्हतं, तेव्हापासून ती हे बघत आली होती. झोपलेल्याला जेवायला द्यायचं नसतं, हे तिला दोनाच्या पाढ्याआधी पाठ झालेलं.

आता तुम्ही हसाल. हसू नका. आपण जे रोज बघतो, तेच आपल्याला सगळीकडे दिसतं. आबांना सगळीकडे चित्र्या दिसायचा, मोनिकाला सगळीकडे अळ्या.

आई तुतीच्या फांद्यांचा भारा घेऊन आली, तेव्हा मोनिका चुन्याचा डबा आणि चाळणी घेऊन पायरीशी उभी होती.

"काय करून राह्यली गं तू?"

"चॉकी झोपली आई. कात टाकायची असंल."

आईच्या डोक्यावरचा भारा खाली पडला. तिने आधी चाळणी हिसकावून घेतली. "माय माझे! चुना डोळ्यात गेला तर आंधळी होईल ती. मांजर कुठं कात टाकतं का?" आईला हसू आलं होतं. पण चॉकीला उचलल्यावर ते हसू गेलं. कान गार. पंजे गार. उचललं तरी अंग तसंच लोंबलेलं.

"ही झोपली न्हाई मोने," आई म्हणाली. "हिच्यात उभं राहायचं बळच न्हाई. उपाशी हाय ही."

"पण काल दूध-भाकर दिल्ती."

"काल दिल्ती."

आईने चॉकीला पदरात गुंडाळून उबेला धरलं. साखरेच्या पाण्यात बोट बुडवून तिच्या हिरड्यांवर फिरवलं. पप्पूकाकाने जनावरांच्या दवाखान्यातल्या सत्यशीला मॅडमना फोन लावला. शेळ्यांना लस टोचायला त्या गावात येत, त्यामुळे ओळखीच्या होत्या. काकाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"दिवसातून किती वेळा देता खायला?" मॅडमनी विचारलं.

"एकदा," मोनिका म्हणाली.

"अगं बाई. तू किती वेळा खातेस?"

मोनिका विचार करू लागली. चहा-पोळी, शाळेतली खिचडी, घरी आल्यावरची भाकर, मधे शेंगा, बोरं, आईने मळलेल्या कणकेचा गोळासुद्धा. तिला मोजता येईना.

"पिल्लाचं पोट लहान असतं आणि वाढायचं काम मोठं असतं," मॅडम म्हणाल्या. "एकदम भरपूर झेपत नाही, आणि जास्त वेळ रिकामंही राहवत नाही. चार महिन्यांची होईपर्यंत दिवसातून चार वेळा दे. थोडं थोडं, आणि रोज त्याच वेळांना. मग सहा महिन्यांची होईपर्यंत तीन वेळा. पुढं दोन वेळा पुरे. गाईचं दूध नको, त्यानेच पोट बिघडतंय. उकडलेलं अंडं, मासा, कोंबडीचे शिजवलेले तुकडे. हाडं, काटे काढून, मीठ-मसाला न घालता. आणि पाणी कायम समोर. आज मात्र थेंब थेंब. दुपारपर्यंत उठली नाही तर घेऊन या माझ्याकडं."

दुपारच्या आत चॉकी उठली. मोनिकाने बोटाच्या टोकावर अंड्याचा मऊ बलक धरला, आणि त्या खरखरीत जिभेने पहिल्यांदा तो चाटला, तेव्हा मोनिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पुसून ती रागावली. कुणावर रागवायचं, ते तिला नीट कळेना. थोडं स्वतःवर, चुन्याच्या डब्यासाठी. बाकी सगळं आबांवर.

"हे बघ," आई हळूच म्हणाली, "आबांच्या कानावर घालू नको. ते शेताकडं गेले की एकदा घाल, दुपारचे पडले की एकदा घाल. कळायचं बी न्हाई त्यांना."

"चोरून?"

"चोरून न्हाई गं. गपचूप."

"मी काय पाप करून राह्यले का गपचूप करायला?" मोनिका म्हणाली, आणि सरळ आबांच्या बाजेसमोर जाऊन उभी राहिली. आबा बशीत चहा ओतून फुंकत होते. शेजारी पप्पूकाका कप घेऊन बसला होता.

"आबा, आजपासून मी चॉकीला चार वेळा खायला घालणार हाय."

आबांनी बशी खाली ठेवली. "कोण म्हन्लं?"

"मॅडम म्हणल्या. पण त्या म्हणल्या नसत्या, तरी घातलं असतं. सकाळी तिचे कान गार पडल्ते."

"मी काय सांगितल्तं?"

"एकदा."

"मंग?"

"तुमचं चुकलं."

पप्पूकाकाचा चहा नाकात गेला. तो खोकत खोकत अंगणाच्या टोकाला पळाला. आईने दारातूनच कपाळावर हात मारून घेतला. त्या घरात आबांना असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायचं मनात आलं असेल, पण म्हटलं नव्हतं.

आबा ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "चित्र्या एकदाच खायचा."

"मोठा झाल्यावर. पिल्लू असताना किती वेळा खायचा?"

"पिल्लू असताना कशाचं खातंय? आईला लुचायचं."

"किती वेळा?"

"त्याला कोण मोजतंय? दिवसभर लटकलेलंच राहायचं."

"हिची आई भोकरदनला राह्यली," मोनिका म्हणाली. "हिनं कुणाला लटकायचं?"

आबा मिशीवरून हात फिरवत राहिले. मग बशीतला गार झालेला चहा एका घोटात संपवला. 

"तोंड लई चालून राह्यलं तुझं. बरं. घाल चार वेळा. चाळीस वेळा घाल. पण शेडमधले कोष निघंपर्यंत तिनं एक तरी उंदीर धरला पाहिजे. न्हाई धरला, तर कोषांसंगं तिला बी गाडीत घालायची. जिथनं आणली तिथं सोडायची."

भोकरदनच्या त्या दुकानामागे कुत्र्यांची टोळी असते. पप्पूकाकानेच सांगितलं होतं, की चॉकीची बाकीची भावंडं त्याला दिसली नाहीत. का दिसली नाहीत, ते त्याने सांगितलं नव्हतं. मोनिकाला न सांगताच कळलं होतं.

"न्हाई धरला, तरी ती जायची न्हाई," मोनिका म्हणाली.

"ते मी ठरवंल."

"बघू."

"बघू?" आबांनी तो शब्द असा उच्चारला, जणू तो मराठीत नव्यानेच आला होता.

दुसऱ्या दिवसापासून चॉकीची चार जेवणं सुरू झाली. पहिलं सकाळी, आई पाला तोडायला निघायची तेव्हा. दुसरं शाळेच्या मधल्या सुट्टीत. तिसरं शाळा सुटल्यावर आणि चौथं संध्याकाळी घरातल्यांच्या पंगतीबरोबर. चोरून नाही. मोनिका ताटली घेऊन मुद्दाम आबांच्या बाजेसमोर बसायची आणि मोठ्याने सांगायची, "आबा, पहिलं जेवण!" आबा पेपर तोंडासमोर धरायचे. कधी कधी उलटा धरायचे.

एकदा मोनिकाने चुकून पूर्ण वाटी भरून कोंबडी ठेवली. चॉकीने निम्मी खाल्ली, उरलेली मुंग्यांनी. आई म्हणाली, "चार वेळा म्हंजे चार वाट्या न्हाई गं. एका टायमाला तिच्या मुठीएवढं." मांजराला मूठ नसते, पण मोनिकाला कळलं. चॉकी सगळं चाटून ताटलीकडे बघेल आणि मग तोंड धुवायला बसेल, इतकंच द्यायचं, हे तिला हळूहळू जमलं.

मधली सुट्टी सगळ्यात अवघड. शाळा जवळ होती, पण पळत आलं तरच वेळ पुरायचा. पहिल्याच दिवशी सरांनी फाटकात अडवलं.

"कुठं निघालीस?"

"घरी, सर. बाळ उपाशी हाय."

मागे उभी असलेली पोरं खो खो हसली. त्या दिवसापासून सुट्टीची घंटा झाली, की कुणी ना कुणी ओरडायचं, "मोनिकाचं बाळ रडून राह्यलं रे!" मोनिका मागे वळून म्हणायची, "हो, राह्यलं!" आणि पळायची. हसणारे दोन-चार दिवस हसले. मग त्यांनाही जेवायचं होतं.

शेजारच्या नंदाबाई भिंतीवरून रोज बघायच्या. "मोने, एवढी अंडी मला खाऊ घाल," त्या म्हणायच्या. "मी धरून देते उंदीर."

"तुम्हाला शेपूट कुठंय मावशी? तोल जाईल तुमचा."

पप्पूकाका आठवडी बाजारातून मासळी आणायचा आणि ती देताना दरवेळी म्हणायचा, "घ्या महाराणी, नैवेद्य." पण आणायचा.

इकडे चॉकीला काय होत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. अंगावर मऊ केस आले. डोळे पाणीदार झाले. आणि ती खेळायला लागली. तुतीची वाळकी काडी, दोरीचं टोक, आईची बांगडी, कशावरही दबा धरून झेप घ्यायची. आधी झेप चुकून कोलांटी व्हायची, मग कोलांट्या कमी झाल्या. उपाशी होती तेव्हा ती पान हललं तरी बघत नव्हती. मोनिकाने हे आबांना बोलून दाखवलं.

"बघा, पोट भरलं म्हणून पळून राह्यली ती."

"पळतीय. खरंय." आबांनी पेपर खाली केला. "उंदीर किती धरले?"

"एक बी न्हाई."

"बराबर," आबा म्हणाले, आणि पेपर वर गेला.

शेडमध्ये अळ्या बोटाएवढ्या झाल्या. त्यांनी खाणं सोडलं आणि जाळीवर चढून स्वतःभोवती रेशीम विणायला सुरुवात केली. काही दिवसांत जाळ्या पांढऱ्याशुभ्र कोषांनी भरून गेल्या. उंदरांचा त्रास अधूनमधून होतच राहिला. चॉकी बाहेरून दाराच्या फटीशी कान टवकारून बसायची, खुडबुड ऐकायची, आत जायला नखांनी दार ओरबाडायची. पण धरला एकही नाही. मोठा उंदीर तिच्याइतकाच होता.

रविवार उजाडला. कोष भोकरदनवरून जालन्याच्या बाजारात न्यायचे होते. सकाळपासून सगळ्यांनी बसून जाळ्यांवरचे कोष काढले. जाळीदार पिशव्या भरल्या. पप्पूकाकाने कुणाचा तरी छोटा हत्ती मागून आणला होता. हत्ती नाही हं, चार चाकांचा टेम्पो. पिशव्या चढल्या. दोर आवळला.

आबांनी मूठ उघडून मोनिकापुढे धरली. मुठीत कुरतडलेले कोष होते.

"बघ. उंदरानं खाल्लेत. शब्द म्हंजे शब्द. पप्पू, पिशवी आण."

आई काहीतरी बोलणार होती. आबांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती थांबली. पप्पूकाकाने रिकामी पिशवी आणली, पण ती पाठीमागे धरून उभा राहिला.

मोनिका घरात गेली. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती. ताटलीत सोललेलं उकडलेलं अंडं. ती टेम्पोसमोर, पण चाकापासून चांगली लांब, अंगणाच्या मधोमध मांडी घालून बसली. टेम्पोला जायची सरळ वाट तीच होती.

"आबा, दुसरं जेवण," ती म्हणाली.

चॉकी शेपूट उभारून पळत आली. मोनिकाने चिमूटभर अंडं कुस्करून ताटलीत ठेवलं. ते संपलं, की पुढची चिमूट.

"ऊठ," आबा म्हणाले. "गाडीला उशीर होतोय."

"जेवण झाल्यावर."

"जल्दी घाल मंग."

"जल्दी खाल्लं की ओकते ती. तुम्ही बघितलंय."

भिंतीवर नंदाबाई आल्याच होत्या. "बसली का पोरगी उपोषणाला?" त्यांनी विचारलं.

"उपोषण कशाला मावशी?" मोनिका मान वर न करता म्हणाली. "आम्ही तर जेवून राह्यलो."

पप्पूकाका हसला, आणि आबांकडे बघून त्याने ते हसू खोकल्यात घातलं.

आबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांची सावली ताटलीवर पडली. चॉकीने सावलीवर एक पंजा मारून बघितला आणि पुन्हा खायला लागली.

"एवढं झालं की पिशवीत," आबा म्हणाले.

"एवढं झालं की तिसरं जेवण असतंय. दुपारनंतर."

"तवर गाडी जाईल."

"जाऊ द्या."

"आन् उद्या?"

"उद्या परत पहिलं."

"मोने, उंदीर तिनं धरला न्हाई. ठरल्तं आपलं."

"तुमचं ठरल्तं. माझं न्हाई ठरल्तं. मी तवाच सांगितलं, ती जायची न्हाई." आता मोनिकाने मान वर केली. तिचे डोळे आबांच्या डोळ्यांवरून हलले नाहीत. "ती लहान हाय आबा. लहान असणं ही काय चुकी हाय का? चित्र्या पहिल्या वर्षी लांडग्यावर गेल्ता का?"

 उत्तर दिलं पप्पूकाकाने. "तुम्हीच सांगता ना आबा? पहिल्या वर्षी तो मेंढराला भिऊन तुमच्या घोंगडीत शिरायचा."

"तू गप रे," आबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.  घोंगडीत शिरलेलं एक पिल्लू त्यांना आठवत असेल, तर ते आपल्याला कसं कळणार? त्यांनी मुठीतले कोष खिशात टाकले.

"पप्पू, गाडी त्या कडुनिंबाच्या अंगानं काढ. बाजार उठून जाईल."

"आन् ही?" काकाने पिशवी पुढे केली.

"जेवून राह्यली ती. दिसत न्हाई का तुला?"

टेम्पो सुरू झाला. कडुनिंबाच्या अंगाने, कुंपणाला घासत, कसाबसा बाहेर पडला आणि रस्त्याला लागला. आईने श्वास सोडला. मोनिकाने ना आभार मानले, ना ती आबांच्या गळ्यात पडली. ती पुढची चिमूट कुस्करत होती.

"अळ्यांच्या पुढच्या खेपेला मात्र चार वेळा चालायचं न्हाई," आबा बाजेकडे जाता जाता म्हणाले.

"पुढच्या खेपेपर्यंत ती चार महिन्यांची होईल. तवा तीन वेळा घालणार."

"दोन."

"तीन."

"माझ्या घरात दोन!" आबा बाजेवर बसत म्हणाले.

 मोनिकाने उरलेला बलक चॉकीपुढे सारला, पाण्याची वाटी विसळून भरून ठेवली, आणि तिसऱ्या जेवणाचं अंडं बघायला कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घातलं.